मामाची मान आणि दुप्पट शांतता

माझ्या भाचीची सोयरीक माझ्यामुळं मोडली होती. थोडाच वेळ मोडली होती, पण मोडली होती. आणि त्यात माझ्या जिभेचा काडीइतकाही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. जीभ निर्दोष आहे. जे काय केलं ते मानेनं केलं.

येरमाळ्याला हायवेला लागूनच माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. समोरून ट्रक जातात, एसट्या जातात, आणि प्रत्येक ड्रायव्हरला माझ्या दुकानापुढंच हॉर्न वाजवायची हुक्की येते. त्यामुळं आवाज बंद करणारे ते बिनवायरचे इअरबड्स माझ्याकडं आधीपासून होते. चांगले चालत होते. पण माणसाचं काय असतं, चांगलं चाललेलं त्याला बघवत नाही. त्याच इअरबड्सची नवीन पिढी बाजारात आली आणि जाहिरातीत लिहिलं होतं, 'पहिल्यापेक्षा दुप्पट शांतता!'

मी लगेच मागवून टाकले. पार्सल नेमकं बायकोच्या हातात पडलं.

"अहो, जुन्याला काय झालं?"

"जुन्याला काय न्हाय झालं, सुमन. पण ह्याच्यात दुप्पट शांतता हाय."

"शांतता दुप्पट कशी आसंल? शांत म्हंजे शांत. शून्याच्या दुप्पट किती हुतंय?"

(आमच्या घरात गणित तिचं चांगलं आहे. माझं विज्ञान चांगलं आहे, असं मी समजत होतो.)

"तुला त्यातलं टेक्निकल कळायचं न्हाय."

"मला एवढंच कळतंय, की जुने घातल्यावर तुमी माझ्या दोन हाका सोडून तिसरीला 'ओ' देत हुताव. आता दुप्पट म्हंजे सहावीला देताल!"

एवढं बोलून ती आत गेली. पुढचं काय बोलली ते कळलं नाही, कारण तोवर मी ते कानात घातले होते. आणि काय सांगू! हायवे गायब झाला. ट्रक जात होते, पण मांजरासारखे. समोरच्या हॉटेलवाल्याचं तोंड हलत होतं, आवाज नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा हॉटेलवाला सज्जन वाटला.

पुढचे काही दिवस मी त्यातले एकेक गुण शोधण्यात घालवले. आपण बोलायला लागलो की गाणं आपोआप हळू होतं. म्हणजे आमच्या अख्ख्या भावकीत जी रीतभात नाही ती त्या दोन दाण्यांत होती. छातीचे ठोके मोजून सांगतं. समोरच्याचं बोलणं मोठं करून ऐकवतं. पण माझा जीव जडला तो दोन गुणांवर. एक, फोन आला की कानात नाव सांगतं आणि बोटसुद्धा लावावं लागत नाही. मान वरखाली हलवली की फोन उचलला, आडवी झटकली की फोन कट! आणि दुसरा गुण, समोरचा परक्या भाषेत बोलला तर त्याचा आवाज दाबून आपल्या कानात आपल्या भाषेत सांगतं.

मानेनं फोन उचलण्याची मला इतकी चटक लागली की दुकानात हात मोकळे असले तरी मी खिशात हात घालून मानच हलवायचो. एकदा एका गिऱ्हाइकानं तणनाशकाची बाटली हातात धरून विचारलं, "ह्यानं तण नक्की मरतंय का?" आणि नेमका तेव्हाच माझ्या कानात फोन वाजला. मी मान आडवी झटकली. गिऱ्हाइकानं बाटली हळूच ठेवली आणि शेजारच्या दुकानात गेलं. जाताना म्हणालं, "मानूस इमानदार हाय, पन धंदा करायचा न्हाय ह्याला."

यातून शहाण्या माणसानं धडा घेतला असता. मी त्यातून 'आपण इमानदार आहोत' एवढंच घेतलं.

आता सोयरिकीकडं येतो.

माझी बहीण मंगल माकणीला दिलेली आहे. तिची पोरगी प्राजक्ता औषधाचं शिकली आणि लोहाऱ्यात एका मेडिकलवर बसते. आणि शिवकुमार हा मुरूमचा, गुरांचा डॉक्टर. हा गडी त्या मेडिकलवर म्हशीची औषधं मागायला यायचा. माणसांच्या मेडिकलमध्ये म्हशीचं औषध मिळत नाही हे एवढ्या शिकलेल्या डॉक्टरला कळायला वर्ष लागलं. तोपर्यंत दोघांचं जुळलेलं होतं.

दोन्ही घरांना सगळं ठाऊक होतं. पण आपल्याकडं ठाऊक असणं वेगळं आणि रीतसर होणं वेगळं. म्हणून सगळ्यांनी काही ठाऊक नसल्यासारखं करून बघण्याचा कार्यक्रम ठरवला. अडचण एकच होती. पोराचे आजोबा, अण्णा.

अण्णा म्हणजे त्या घराचं सुप्रीम कोर्ट. त्यांनी याआधी थोरल्या नातवाची एक सोयरीक मोडली होती. चहात साखर कमी होती म्हणून नव्हे, तर 'साखर बरोबर हाय का?' असं कुणी विचारलं नाही म्हणून! आणि अण्णांचा एक नियम होता: पोरीच्या मामानं भर बैठकीत 'पसंत' म्हटल्याशिवाय सुपारी फुटायची नाही. बाप काय, हो म्हणणारच. मामा हा खरा साक्षीदार.

म्हणजे मी.

आदल्या दिवशी प्राजक्ताचा फोन आला. "मामा, एक हात जोडून सांगायचंय."

"बोल की, बाळ."

"उद्या अण्णांनी इचारलं की तुमी फकस्त 'पसंत हाय' म्हणायचं. दोन शब्द. त्याच्या म्होरं काय बोलायचं न्हाय. तुमी बोलायला लागलाव की मला भ्या वाटतं. थोरल्या ताईच्या टायमाला तुमी व्याह्याला रासायनिक खताचे फायदे सांगत बसला हुताव."

"उद्या माझ्या तोंडातून जास्तीचं एक अक्षर यायचं न्हाय. मामाचा शब्द हाय!"

(आणि तो शब्द मी पाळला. याची नोंद कुणीच घेत नाही.)

तिच्या मागोमाग मंगलनं फोन घेतला. तिचा सूर वेगळा. "दादा, ते लोक आपल्यासंगं मराठी बोलतेत आन मधीच आपसात कानडीत शिरतेत. मागं एका लग्नात गाठ पडली तवा अण्णा प्राजूकडं बघून कायतरी बोलले आन सगळे हासले. मला नुसता घाम फुटला. नावाजत्यात का नावं ठेवत्यात, काय कळंना."

आमच्याकडं कानडी म्हणजे बाजारात घासाघीस करण्यापुरती. त्याच्या पुढं सगळा अंधार. पण माझ्या डोक्यात मात्र लखकन उजेड पडला. परकी भाषा, आपल्या कानात, आपल्या भाषेत!

"तू काळजीच करू नगंस, मंगल," मी म्हणालो. "उद्या त्यांच्या पोटातलं सगळं माझ्या कानात आसंल."

सुमन शेजारीच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आन तुमचं डोस्कं कुठं आसंल?"

दुसऱ्या दिवशी माकणीत दाजींच्या घरी पाहुण्यांच्या आधी पोचलो. कानातले दाणे दिसू नयेत म्हणून पांढरा रुमाल दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला आणि हनुवटीखाली गाठ मारली. बाहेर श्रावणातलं ऊन चरचरत होतं. दाजींनी मला बघून विचारलं, "ह्यास्नी काय झालं?"

"कानात वारं शिरलंय," सुमन म्हणाली. मग थांबून, "डोस्क्यातबी."

पाहुणे आले. अण्णा, शिवकुमार, त्याचे वडील आणि दोन-चार जवळची माणसं. अण्णा पांढऱ्या धोतरात, ताठ, काठी टेकवत आले आणि मधल्या लोडाला टेकून बसले. मंगलनं हात धुवायला पाणी दिलं. दाजींनी टोपी-टॉवेल दिला. शिवकुमार बिचारा नवाकोरा हिरवा शर्ट घालून, कुणाचंच लक्ष नाही असं समजून, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होता. मला बरोबर अण्णांच्या समोर बसवलं, मामा म्हणून. मी रुमालात गुंडाळलेला, दात दुखणाऱ्या माणसासारखा.

सुशीला आली. (सुशीला म्हणजे बाई नव्हे, भिजवलेल्या चुरमुऱ्याला फोडणी देऊन वर शेंगदाण्याचं कूट घातलेलं आमच्याकडचं खाणं. बाहेरचे वाचक असतील तर गैरसमज नको.) पहिला घास घेऊन अण्णा शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडं वळले आणि कानडीत काही बोलले. मी खिशातल्या फोनवर बोट ठेवलं. समोरचे सगळे आवाज हळूहळू विहिरीत बुडाल्यासारखे दबले आणि कानात एका शहरी बाईचा थंड आवाज आला:

"मीठ. योग्य. आहे."

अंगावर काटा आला! हेरगिरीचा पहिला ऐवज! मी मंगलकडं बघून डोळा मिचकावला. तिनं घाबरून अण्णांकडं बघितलं.

थोड्या वेळानं अण्णा परत काही म्हणाले. बाई म्हणाली, "समोरचा. मनुष्य. आजारी. आहे. काय."

हे माझ्याबद्दल होतं. मी दुर्लक्ष केलं. हेरानं स्वतःवरचं मनावर घ्यायचं नसतं.

गैरसोय एवढीच होती की त्या बाईला मराठी आणि कानडी यांतला फरक ठेवता येत नव्हता. कोण काय बोलतंय याची पर्वा न करता ती सगळ्यांचेच आवाज दाबायची. दाजींनी मराठीत सांगितलेला जमिनीचा सगळा पसारा माझ्यापर्यंत पोचलाच नाही. तोंडं हलताना दिसत होती, हात हलताना दिसत होते, आणि मी दुप्पट शांततेत बसून दर थोड्या वेळानं सगळ्यांकडं बघून हसत होतो. मला वाटत होतं, बैठक छान चालली आहे.

प्राजक्ता बाहेर आली, पाया पडली, पाटावर बसली, दोन-चार प्रश्न झाले असावेत, आत गेली. आत जाताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच दोन बोटं दाखवली. दोन शब्द. मी डोळ्यांनीच सांगितलं, निवांत राहा.

आणि तेवढ्यात कानात ती बाई म्हणाली, "भागवत आबा. कॉल करत आहेत."

भागवत आबा हे माझं जुनं गिऱ्हाईक. यांचा फोन उचलला तर बैल विकून नवा घेण्याइतका वेळ जातो. शिवाय उचलला नाही तर परत करतात. तोही नाही उचलला तर परत. मी मान आडवी झटकली. फोन कट. चला!

नजर वर केली तर अख्खी बैठक माझ्याकडं बघत होती.

आता माझ्या दुप्पट शांततेच्या बाहेर काय घडत होतं ते मला नंतर कळलं, ते सांगतो. अण्णांनी पानसुपारीचं तबक पुढं ओढलं होतं, सुपारी हातात धरली होती, घसा खाकरला होता आणि भर बैठकीत विचारलं होतं, "पोरीच्या मामानं सांगावं. आमचा पोरगा पसंत हाय का न्हाय?"

आणि मामानं मान आडवी झटकली होती.

दाजींचा रंग उडाला. तरी बिचाऱ्यांनी सावरून घेतलं. "अण्णा, मुरूमकडं हो म्हणताना आशीच मान हलवतेत न्हवं?"

"आमच्याकडं डुलवतेत," अण्णा म्हणाले. "ह्यांनी झटकली. माशी बसल्यासारखी." मग माझ्याकडं वळून, "मामा, घाई न्हाय. इचार करून सांगा. पसंत हाय?"

"भागवत आबा. कॉल करत आहेत."

मी पुन्हा झटकली. पहिल्यापेक्षा जोरात, कारण पहिल्यांदा यंत्राला नीट कळलं नसावं, असं मला वाटलं.

स्वयंपाकघरात काहीतरी पितळेचं खाली पडलं म्हणे. मला ऐकू आलं नाही.

शिवकुमारचे वडील दुखावल्या आवाजात म्हणाले, "मामासाहेब, पोरात कायतरी खोट दिसली काय तुमाला?"

आणि इकडं भागवत आबांचा तिसरा फोन! मी मनात म्हटलं, हा माणूस सोडणार नाही. उचलावा, 'नंतर करतो' म्हणावं आणि मोकळं व्हावं. म्हणून मी मान वरखाली हलवली. एकदा हलवून भागलं नाही, म्हणून ठासून दोनदा हलवली.

खोट दिसली. ठासून दिसली.

"कसली खोट?" अण्णा काठीवर पुढं झुकले.

मी जास्तीचं एक अक्षर न बोलण्याचा शब्द दिला होता. पण तो बैठकीपुरता होता, गिऱ्हाइकाला नव्हता. आणि आबा 'नंतर' ऐकून घेणारे नव्हते. मी रुमालाच्या आत तोंड खाली घालून, शक्य तेवढ्या हळू बोललो. आता, कान बंद असलेल्या माणसाला 'हळू' म्हणजे किती हे कळत नाही. ते म्हणे गल्लीपर्यंत ऐकू गेलं.

"मी काल बघितलंय! वरून हिरवं दिसतंय, पन त्याच्यावर जाऊ नगा!"

सगळ्यांनी शिवकुमारच्या हिरव्या शर्टाकडं बघितलं.

"आतून पिवळं पडलंय. रोग जुना हाय. औषधपान्याचा आता उपेग न्हाय!"

शिवकुमारनं स्वतःच्या हाताची नखं बघितली. डॉक्टर असून!

"आन हे बघा, एकाचं चौघास्नी लागायच्या आधी मुळासकट उपटायचं आन बांधाभाईर फेकून द्यायचं! माझं ऐका!"

आबांच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला होता, त्याला दुसरा इलाजच नाही. सल्ला शास्त्रशुद्ध होता. आजही मी त्या सल्ल्यावर ठाम आहे.

वर बघितलं तर अण्णा उभे होते. सुपारी तबकात परत ठेवलेली. शिवकुमारचे वडील बाहेर चपला शोधत होते. मंगल पदरात तोंड घालून उभी होती, दाजी हात जोडून कुणाला तरी काहीतरी म्हणत होते, आणि मी मनात म्हणत होतो, अरे, लवकर निघाले पाहुणे! सुपारी फोडायची राहिली की!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्राजक्ता बाहेर आली. रीत नाही, पदर नाही, काही नाही. डोळे भरलेले आणि नाक लाल. माझ्यासमोर उभी राहिली, तोंड हललं तिचं. मला काही ऐकू येईना. मी हसून दोन बोटं दाखवली.

तिनं माझ्या हनुवटीखालची गाठ धरून रुमाल ओढला. खसकन! रुमालाबरोबर उजव्या कानातला दाणा उडाला आणि सुशीलाच्या ताटलीत पडला. डावा तिनंच उपटला. मुळासकट.

आणि त्या क्षणी फोन इमानदारीनं खिशातल्या स्पीकरवर आला. भर बैठकीत भागवत आबांचा आवाज घुमला:

"आहो, उपटतो म्हणलं की! पर उपटलेलं सोयाबीन म्हशीला घातलं तर चालंल का? तेवढं सांगा! हालो! हालो!"

शिवकुमार, जो आतापर्यंत स्वतःची नखं बघत होता, तो नकळत म्हणाला, "म्हशीला घालू नका. फवारणी झालेली आसंल."

"बरं झालं सांगितलं!" आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. जन्मात पहिल्यांदा स्वतःहून ठेवला.

कुणीतरी फसकन हसलं. पण अण्णा हसले नाहीत. ते ताटलीतल्या त्या दाण्याकडं बघत होते. "म्हंजे," ते एकेक शब्द मोजत म्हणाले, "आमी सोयरीक बोलायलाव, आन पोरीचा मामा कानात यंत्र घालून बसलाय? का? आमचं बोलणं ऐकायच्या लायकीचं न्हाय?"

आता काय सांगणार? 'तुमचं कानडी चोरून ऐकायला' असं? प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक. त्या पोरीला म्हशींच्या औषधाचा हिशोब वर्षभर सांभाळावा लागला होता, आणि तो सगळा मी मानेच्या तीन हिसक्यांत बुडवला होता. त्या क्षणी यंत्रानं छातीचे ठोके मोजले असते तर यंत्रच बंद पडलं असतं.

मागून सुमन पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "अण्णा, राग मानू नगासा. ह्यास्नी ऐकू येत न्हाय."

"आँ?" मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली. "ते कानाचं यंत्र हाय. लोकांत सांगायची लाज वाटती म्हणून रुमाल गुंडाळत्यात. माझं तर लग्न झाल्यापासनं एकबी बोलणं ह्यांच्या कानात गेलेलं न्हाय. मी कुणाला सांगितलं न्हाय आजवर. झाकून ठिवलं."

आणि पदर डोळ्याला लावला. काय सांगू, तो अभिनय बघून मलाच स्वतःची कीव आली!

अण्णा हळूहळू खाली बसले. काठी बाजूला ठेवली. मग इकडं-तिकडं बघून, आवाज उतरवून म्हणाले, "लाज वाटती हे खरं हाय, मामा. आता मलाबी मीठ कमी हाय का साखर कमी हाय, कोण काय इचारतंय, नीट ऐकू येत न्हाय. मानूस इचारतोय आन मला वाटतं, इचारलंच न्हाय."

शिवकुमारचे वडील चपला हातात घेऊन दारात तसेच उभे राहिले. त्यांच्या तोंडावरून साफ दिसत होतं की थोरल्या पोराची ती मोडलेली सोयरीक आणि त्या चहाची साखर त्यांना आत्ता या क्षणी कळली.

"बघू द्या," अण्णा म्हणाले.

मी ताटलीतला दाणा काढून, शेंगदाण्याचं कूट पुसून, दोन्ही दाणे दिले. शिवकुमारनं ते त्यांच्या कानात बसवले. मी फोनवर आवाज दाबायचं बंद करून मोठा करायचं बटण लावलं. अण्णांचे डोळे एकदम मोठे झाले. बाहेर चिमणी ओरडली तर त्यांनी मान वळवली. स्वयंपाकघरात कुणीतरी कुजबुजलं तर तिकडं बघितलं. बायका एकदम गप्प झाल्या. अण्णा लहान पोरासारखे हसले आणि आनंदाच्या भरात आपल्या भाषेत म्हणाले, "भाळ छलो अद!" लई चांगलं आहे, एवढं बाजारातलं कानडी मलाही कळतं.

आणि थांबले.

चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडं वळले. भाषेचं बटण बंद करायचं राहिलं होतं! ती शहरी बाई त्यांच्या कानात त्यांचंच कानडी मराठीत सांगत होती!

अण्णांनी खात्री करून घ्यायला आणखी एक वाक्य कानडीत म्हटलं. कान देऊन ऐकलं. मग मला बोटानं जवळ बोलावलं. मी गुडघ्यावर सरकत गेलो. ते माझ्या कानाशी लागून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, लई गुणाचं यंत्र हाय. बहिऱ्यालाबी कानडी समजावून सांगतंय."

मी घाम पुसला. रुमाल होताच.

"हे माझ्याकडं ऱ्हाऊ द्यावं म्हणतो मी," अण्णा तेवढ्याच हळू म्हणाले. "म्हंजे मग ह्यातलं कुणाला काय सांगायची गरज ऱ्हायची न्हाय. काय?"

मी मान वरखाली हलवली. दिवसभरात मनापासून हलवलेली ती पहिली मान. मग उठून, छाती भरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पसंत हाय!" दोन शब्द. प्राजक्तानं आत पळताना हुंदका दिला का हसली, ते सांगता येत नाही. सुपारी फुटली. शिवकुमारनं हिरवा शर्ट मात्र लग्न होईपर्यंत परत घातला नाही.

लग्न धूमधडाक्यात झालं. पोरगी मुरूमला सुखात आहे. अण्णा त्या दाण्यांसकट मांडवभर ताठ मानेनं फिरले, चार माणसांच्या कुजबुजीत आपणहून तोंड घातलं, आणि चहात साखर बरोबर आहे का, हे त्यांना जेवढ्या जणांनी विचारलं तेवढ्यांना उत्तर दिलं.

माझं सांगतो. मुरूमपासून माकणीपर्यंत सगळ्या पाहुण्यांत आता पक्कं झालं आहे की प्राजक्ताचा मामा ठार बहिरा आहे. भला माणूस आहे, पण बहिरा आहे. त्यामुळं कुठल्याही कार्यात गेलो की जो तो माझ्या कानाला तोंड लावून बोंबलतो. "मामाऽऽ! जेवलाव काऽऽ?" वांग्याची भाजी वाढणारा ओरडतो, पाणी देणारा ओरडतो, आहेर करणारी बाई तर माझ्या दोन्ही कानांत आळीपाळीनं ओरडते, एकातून गेलं नाही तर दुसऱ्यातून जाईल म्हणून. मी सांगून बघितलं, मला ऐकू येतं. ते एकमेकांकडं बघून हळहळतात: "बघा, मानत न्हाय आजून."

आता खरं तर मला ती दुप्पट शांतता हवी आहे. पण ती मुरूमला, अण्णांच्या कानात आहे.

परवा दुकानात बसलो होतो. सुमननं मोबाइलवर जाहिरात दाखवली. "अहो, त्याच्याबी म्होरची नवी पिढी आलीया. ह्याच्यात म्हणं आनखी दुप्पट. घ्यायचे का?"

मी घाबरून मान आडवी झटकली.

ती दोन्ही हात तोंडाभोवती धरून, हायवेपर्यंत ऐकू जाईल असं ओरडली, "नगं म्हणताव, का कुणाचा फोन कट केलावऽऽ?"

समोरचा हॉटेलवाला बाहेर येऊन बघायला लागला. तो आता मला सज्जन वाटत नाही.